आजोबांचा दाखला

वडगाव शेरी, पुणे

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

थोरल्या काकांची नात माझ्याकडे आली त्याला आठ दिवस झाले. परवा जेवणं उरकून दोघी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायला बसलो. धर्म भरून झाला, प्रवर्गापाशी पोरगी थांबली. म्हणाली, "आत्या, आपण नक्की कोण?"

"ओपन," मी म्हटलं. बाबा, माझ्या फॉर्मवर तुम्ही तेच लिहिलं होतंत. पण मला ते परवडलं. नगरला मिशनची शाळा, घरात तुम्ही दोघं शिक्षक, पुढे कॉलेजात अल्पसंख्याक कोट्यातली जागा, तीही पाळकसाहेबांच्या पत्रावर आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर. मेहनतीवर शिकले, असंच मी आजवर सांगत आले. ही माझ्याहून हुशार आहे, आणि तिच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. आजोबांनी तुम्हाला बोर्डिंगला घातलं, काकांना शेतीसाठी मागे ठेवलं, एवढाच काय तो फरक.

ऑफिसात नाव ऐकून विचारतात, "गोव्याची का?" मी मान हलवते. मग पुढचे प्रश्न येत नाहीत. हे खोटं मी किती वर्षं वापरलं, याची आता लाज वाटते.

रविवारी तिला पंचहौदच्या चर्चला नेलं. 1890 साली इथल्या मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, झालं होतं, हे मी मोठ्या हौसेनं सांगितलं. तिनं विचारलं, "आणि तेव्हा आपल्याला चहा कोण देत होतं?"

आई, गावच्या हॉटेलात काकांसाठी वळचणीला खोचून ठेवलेली ती कानतुटकी कपबशी तूच मला सांगितली होतीस. चहा पिऊन ती स्वतः विसळून परत खोचायची. काका तेव्हा बाप्तिस्मा घेतलेलेच होते ना?

जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात गेली, असं बाबा म्हणतात. त्या विश्वासावर तुम्ही ताठ मानेनं जगलात, त्याबद्दल मी कधी उलटून बोलणार नाही. पण काकांची वस्ती अजून वेशीबाहेरच आहे. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठरल्या, 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. आपण नाही. हिची शेजारची मैत्रीण आपल्याच भावकीतली, पण घर बौद्ध, म्हणून तिला सवलत आहे. आपल्यासारख्यांना राज्यात ओबीसीत धरतात, पण त्यासाठी 1967 च्या आधीचा, जात लिहिलेला कागद मागतात.

तो कागद तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, बाबा. आजोबांचा शाळेचा दाखला. लहानपणी मी तो उघडला होता आणि तुम्ही हातातून काढून घेतला होतात. जातीच्या रकान्यात 'महार ख्रिस्ती' लिहिलंय. मी तेवढं वाचलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीनं दोघी येतोय. आजोबांचं तिला तुम्हीच सांगा, माझ्या तोंडून ते अर्धवट होईल. आणि पेटीची किल्ली शोधून ठेवा.

तुमची,
बेबी