दोन फरश्यांचं अंतर

प्रिय मिस्त्रीदादा,

तुम्ही आमच्या घरात जमिनीवर कार्पेटच्या आडव्या पट्ट्या बसवून गेलात त्याला परवा तीन आठवडे होतील. या तीन आठवड्यांत बाबा एकदाही पडलेले नाहीत. त्याआधीच्या तीन महिन्यांत चार वेळा पडले होते आणि एकदा कपाळाला टाके घालावे लागले होते. फोनवर हे सांगायला गेले तर तुम्ही "असू दे की ताई, काम हाय ते माझं" म्हणून दुसरंच बोलायला लागलात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण बाबांसारखी कितीतरी माणसं आत्ता या घडीला कुठल्यातरी दाराच्या चौकटीत अडकून उभी असतील, आणि घरच्यांना वाटत असेल की आता हे असंच चालायचं.

बाबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होऊन सहा वर्षं झाली. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं. पाय थिजतात ते फक्त घरच्यांना माहीत असतं. हॉलमधून बरे चालत येणार, आणि खोलीच्या दाराशी आले की तळवे जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहणार. अंग पुढे निघालेलं, पाय मागेच. तिथंच तोल जायचा. नवल म्हणजे जिना मात्र ते नीट चढायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याचं कारण सांगितलं. आपण चालतो ते विचार न करता, मेंदू ते आपोआप करून घेतो. या आजारात ते आपोआपपणच अडतं. पण डोळ्यांसमोर ओलांडायला काहीतरी दिसलं, पायरी असो की जमिनीवरची आडवी रेघ, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलायला लावतो. जेम्स पर्डन मार्टिन नावाच्या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६७ सालीच आडव्या रेघांचा हा परिणाम लिहून ठेवलेला आहे.

आणि आमच्या घरात रेघ कुठं होती? मंगळवार पेठेतलं जुनं घर पाडून नवं बांधलं तेव्हा आम्ही सजावट एका नावाजलेल्या माणसाच्या हातात दिली. त्यानं ८०० मिलिमीटरच्या पांढऱ्या, आरशासारख्या व्हिट्रिफाइड फरश्या घातल्या, सांधा शोधूनही सापडू नये अशा. खिडकीतलं ऊन पडलं की सगळा हॉल पाण्यानं भरल्यासारखा दिसायचा. भोवतीनं काळ्या ग्रॅनाइटचा रुंद पट्टा. कागलची आत्या, जिला हल्ली फारसं आठवत नाही, ती त्या पट्ट्याशी येऊन थांबायची आणि म्हणायची, "अगं, इथं खड्डा आहे." आम्ही तिची समजूत घालायचो. तिच्यासारख्या माणसांना उजळ जमिनीवरचा काळा भाग खरोखरच खड्डा दिसतो, हे मला नंतर कळलं.

बाबा पडायला लागले तेव्हा त्याच माणसाला परत बोलावलं. बाबा समोर खुर्चीत बसलेले, आणि हा मला विचारतो, "काकांना कितपत चालता येतं?" मग जाड, मऊ लव असलेल्या गालिच्याचा भाव सांगितला. ज्याचे पाय घासत पडतात त्याला जाड लव म्हणजे अडखळायला आमंत्रण, हा विचार त्याला शिवलासुद्धा नाही. दुसरे एक कंत्राटदार आले. ते दारातूनच म्हणाले, "ताई, आता व्हीलचेअरच बघा." बाबांनी ते ऐकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. हे लिहितानाही माझा हात जड होतो आहे.

तुम्ही मला भेटलात आमच्या ऑफिसात. पन्नास सेंटिमीटरच्या चौकोनी कार्पेट टाइल्स, म्हणजे गालिच्याचे सुटे चौकोन, पत्ते मांडावेत तशा मांडत होता, मधेच एखादी फिरवत होता, मागच्या बाजूचा लवेची दिशा दाखवणारा बाण बघून. करड्या रंगात मोहरीच्या रंगाची एक ओळ टाकलीत आणि मला एकदम त्या आडव्या रेघा आठवल्या. आम्ही घरी रंगीत चिकटपट्टी लावून पाहिली होती, पण दोन दिवस फरशी पुसली की ती उचकटायची. मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "वडील काय करत होते?" चित्रकला शिक्षक, म्हटलं. "मग आधी सरांना भेटतो."

आता त्या संध्याकाळचं लिहिते.

तुम्ही चपला बाहेर काढल्या, आत आलात, आणि बाबांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसलात. टेप हातात होता, उघडला नव्हता. "सर," तुम्ही बाबांना म्हणालात, "पट्टी किती किती अंतरावर घेऊ?"

बाबांचा आवाज आता फार बारीक झाला आहे. उत्तर तयार व्हायला वेळ लागतो, ओठांपर्यंत यायला आणखी वेळ लागतो. इतक्या वेळात आमच्या घरात प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असतं, बहुतेक वेळा मीच. त्या दिवशीही मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे न बघता फक्त तळहात वर केलात. रागानं नाही, एखाद्या लहान मुलाला "थांब हं" म्हणावं तसा. शेजारच्या घरात कुकर लागला होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. तुम्ही बाबांच्या चेहऱ्याकडे बघत बसून होता, जणू तुम्हाला जगात दुसरं कुठलंच काम नाही.

मग बाबा म्हणाले, "दोन फरश्या."

मला वाटलं, त्यांचा गोंधळ झाला. मी "बाबा, फरश्या आणायच्या नाहीयेत" असं म्हणणार होते. तुम्ही विचारलंत, "कसल्या फरश्या, सर?" आणि पुन्हा थांबलात.

"जुन्या घरातल्या."

तुम्ही मान वळवून मला विचारलंत, "आठ इंची नक्षीच्या व्हत्या का?" आणि माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं घर उभं राहिलं. लाल, पिवळी, हिरवी सिमेंटची नक्षीची फरशी, वीस सेंटिमीटर बाय वीस सेंटिमीटर. आठ इंच. दोन फरश्या म्हणजे सोळा इंच. बाबा त्या घरात दोन-दोन फरश्या ओलांडत चालायचे, लहानपणी मी त्यांच्या मागून तशीच उड्या मारत जायची. त्यांच्या पायांना ते अंतर माहीत होतं. ते त्यांनी तुम्हाला सांगितलं, कारण विचारून थांबणारं माणूस त्यांना कितीतरी दिवसांनी भेटलं होतं.

तुम्ही टेप ओढलात, सोळा इंचांवर खडूनं रेघ मारलीत आणि खडू बाबांच्या हातात दिलात. दुसरी रेघ त्यांनी मारली. वाकडी आली. तुम्ही ती पुसली नाहीत.

सहा वर्षं झाली, दादा. दवाखान्यात, बँकेत, लग्नाकार्यात सगळे बाबांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतात. मी त्या सगळ्यांवर मनात चिडायचे आणि घरी येऊन तेच करायचे. तुमचा तो वर केलेला हात मी विसरणार नाही.

नंतरचं काम तर बाबांनीच करून घेतलं. जुन्या नक्षीच्या फरशीवरून ते मुलांना शिकवायचे: एका फरशीवर पाव फूल असतं, चार जुळवल्या की पूर्ण होतं, तीच फरशी उलटी फिरवली की फुलाऐवजी जाळी तयार होते. ती फरशी भट्टीत भाजलेली नसते. साच्याच्या कप्प्याकप्प्यांत रंगीत सिमेंट ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात, म्हणून झिजली तरी नक्षी पुसली जात नाही. हे सगळं त्यांनी तुम्हालाही सांगितलं, तासभर लागला, तुम्ही ऐकलंत. आणि मग काठीच्या टोकानं एकेक कार्पेट टाइल दाखवून "ही फिरवा" म्हणायला लागले. एक उभी, एक आडवी. रंग एकच, तरी बाणाची दिशा बदलली की प्रकाश वेगळा पडतो आणि चटई विणल्यासारखी दिसते. हॉलच्या मधोमध वीस टाइल्सची ती सतरंजी आज येणारा प्रत्येकजण वाकून बघतो. काळा पट्टा तुम्ही बोळात आणि दाराशी झाकून टाकलात. आत्या परवा आली ती सरळ चालत आत गेली, खड्ड्याचं नाव नाही.

बाकीचं तुमच्या कसबाचं. पावसाळ्यात तळमजल्याला ओल असते म्हणून आधी प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रात्रभर ठेवलात, सकाळी खाली दव धरलंय का ते पाहिलंत. लव आखूड, गाठींची घेतलीत. मोहरी रंगाच्या पट्ट्या गोंदानं पक्क्या केल्यात आणि कडेला उतरती पट्टी लावलीत. उरलेले तुकडेही वाया घालवले नाहीत. बाबांच्या पलंगामागच्या भिंतीवर नक्षीत लावलेत, आता उठताना डोकं टेकलं तरी लागत नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. गेल्या रविवारी बाबांच्या हातून तांबड्या रश्श्याची वाटी सांडली. त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. सांडतं म्हणून ते बाहेर जेवायचंच टाळायचे. माझ्या मुलानं ती एक टाइल उचलली, माळ्यावरच्या डब्यातली दुसरी घातली, बाण बघून. दोन मिनिटांत काही झालंच नव्हतं. बाबांनी पुन्हा वाटी पुढे केली.

पंचगंगेला पूर आला की आपलं कोल्हापूर धावून जातं. २०१९ ला गेलं, २०२१ ला गेलं, घराघरांतून भाकऱ्या गेल्या, मीही थापल्या आहेत. पण पूर नसताना, कुणी बघत नसताना, कामाचे तास वाया जात असताना एका म्हाताऱ्या माणसाच्या दोन शब्दांसाठी बसून राहणं मला तुमच्याआधी कुणात दिसलं नव्हतं. ज्यांनी बाबांना दारातूनच निकालात काढलं त्यांच्याकडे मोठी ऑफिसं होती. तुमच्याकडे एक पिशवी आणि एक टेप होता.

आज सकाळी बाबा दाराशी आले, थांबले. मी स्वयंपाकघरातून बघत होते, गेले नाही. त्यांनी खाली पट्टीकडे पाहिलं, पाय उचलला आणि ओलांडून गेले. मग दुसरी, मग तिसरी. गॅलरीत जाऊन पेपर उघडून बसले.

गणपती झाले की या. मधल्या खोलीची नक्षी बाबांनी वहीत काढून ठेवली आहे, रेघा थरथरलेल्या आहेत पण मापं बरोबर आहेत, मी मोजून पाहिली. येताना करड्या टाइल्सचा एक डबा जास्त आणा. आणि जरा वेळ काढून या, त्यांना तुम्हाला काही सांगायचं आहे. मला विचारलं तर सांगत नाहीत.

तुमची,
सरांची मुलगी
मंगळवार पेठ, कोल्हापूर