देहरादूनच्या कालव्यांत पाणी कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत देहरादून-मसुरीच्या उन्हाळी सहलीवर अर्धं पान लेख आहे. 'हिरव्यागार देहरादूनमध्ये कालव्यांच्या काठाने निवांत फेरफटका मारा' हे त्यातलं वाक्य माझ्या आईने दोनदा वाचलं आणि मला हाक मारून विचारलं, "अगं, म्हणजे नहरीला पाणी पुन्हा सोडलं का?" (नहर म्हणजे कालवा.) तिचं वय 81 आहे. त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहिते आहे.

माझे बाबा सर्व्हे ऑफ इंडियात, म्हणजे देशाचे नकाशे बनवणाऱ्या सरकारी खात्यात होते. 1978 ते 1984 आम्ही देहरादूनमध्ये हाथीबडकलाच्या वसाहतीत राहत होतो. तेव्हाचं देहरादून खरोखर नहरींचं गाव होतं. गढवालच्या राणी कर्णावतीच्या काळापासूनचा राजपूरचा कालवा, पुढे इंग्रजी अमदानीत कॉटली या इंग्रज अभियंत्याने बांधलेले कालवे, त्यांवर पिठाच्या पाणचक्क्या. तिकडे त्यांना घराट म्हणतात. ज्या रस्त्याला आज सगळे ई. सी. रोड म्हणतात, त्यातलं ई. सी. म्हणजे ईस्ट कॅनॉल. रविवारी बाबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर मी बसायची आणि मागे आई. ती आंब्यांची पिशवी दोरीला बांधून नहरीत सोडायची. तासाभराने आंबे असे गार व्हायचे की दात शिवशिवायचे. पाण्यात पाय सोडले की पाच मिनिटांत बधिर व्हायचे.

या मे महिन्यात आईच्या हट्टापायी आम्ही तिथे गेलो. तिला मसुरी बघायची नव्हती, नहर बघायची होती. टॅक्सीवाला तरुण होता, तो म्हणाला, "माताजी, ई. सी. रोड पे तो गाड़ियाँ चलती हैं." आईला ते पटेना. ऊन चाळिशीजवळ गेलेलं, तरी ती काठी टेकत त्या रस्त्यावर चालत राहिली. 2000 साली देहरादून उत्तराखंडची राजधानी झाल्यावर रस्ते रुंद करायला कालव्यांवर स्लॅब पडले. 'नहरवाली गली' ही पाटी आहे, नहर दिसत नाही. एका झाकणाशी वाकून तिने कान लावला. मी तिला उठवलं. परतीच्या प्रवासात ती फारसं बोलली नाही. आता तुमच्या लेखाने तिला वाटतंय की आपण चुकीच्या रस्त्यावर शोधत होतो.

लेखकाने तिथे चालून पाहिलं असतं तर हे वाक्य लिहिलंच नसतं.

हिरवाई बघायची तर वनसंशोधन संस्थेत जा, असं तरी लिहायचं. साडेचारशे हेक्टरांचा परिसर, 1929 साली उघडलेली ती लाल विटांची लांबच लांब इमारत, आत खोडाच्या वर्तुळांचे नमुने. अख्खा दिवस पुरत नाही. लेखात तिला एक ओळ आहे आणि केम्प्टीच्या धबधब्याला दोन परिच्छेद. मे महिन्यात केम्प्टीला पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात आणि मसुरीच्या लायब्ररी चौकाच्या खाली गाड्यांची रांग हलत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्यांना हे आधी कळायला हवं.

मसुरीच्या डोंगराची हिरवाईसुद्धा आपोआप टिकलेली नाही. आमच्या लहानपणी गच्चीवरून त्या डोंगरावर पांढरे ओरखडे दिसायचे. त्या चुनखडीच्या खाणी होत्या. दुपारी सुरुंगांचे आवाज यायचे. दूनचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, 1985 मध्ये बहुतेक खाणी बंद झाल्या, मग माजी सैनिकांच्या इको टास्क फोर्सने तिथे झाडं लावली. यंदा ते ओरखडे मला शोधूनही नीट सापडले नाहीत. डोंगर वाचवता आला, तर गावातलं वाहतं पाणीही वाचवता आलं असतं, असं मला मनापासून वाटतं. लेखात या सगळ्याबद्दल अवाक्षर नाही.

आणखी एक. मसुरीजवळच्या हाथीपाँवच्या बंगल्याबद्दल 'इथे राहून जॉर्ज एव्हरेस्टने जगातलं सर्वोच्च शिखर मोजलं' असं छापलं आहे. ते सपशेल चूक आहे. एव्हरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख, म्हणजे सर्व्हेयर जनरल होते आणि 1843 मध्येच निवृत्त झाले. सर्व्हेच्या यादीत पंधरा क्रमांक असलेल्या त्या शिखराची उंची 1852 च्या सुमारास गणिताने काढली ती राधानाथ सिकदार यांनी, ज्यांनी देहरादूनच्या कचेरीत अनेक वर्षं काम केलं होतं. एव्हरेस्टचं नाव शिखराला द्यावं, ही सूचना त्यांच्यानंतरचे सर्व्हेयर जनरल वॉ यांची. बाबा ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. त्यांच्या पश्चात मराठी वर्तमानपत्रात सिकदारांचं नाव गाळलेलं वाचून मला फार वाईट वाटलं.

दोन्ही चुकांची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी, ही विनंती. आई अंक रोज पहिल्या पानापासून वाचते. कालव्यांचं मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा