पवई तलावात रिसायकल पाणी साठवा, पण आधी गटाराचं पाणी थांबवा

संपादक महोदय,

दरवर्षी पवई तलाव भरून वाहायला लागला की बातमी येते आणि खाली एक ओळ ठरलेली असते, हे पाणी पिण्यायोग्य नाही, कारखान्यांना आणि आरे दुग्ध वसाहतीला देतात. मी रोज सकाळी तलावाकाठी फिरायला जातो आणि ती ओळ आठवली की वाटतं, १८९० साली बांधून झालेला ५४५ कोटी लिटरचा तलाव आपल्याकडे तयार आहे, न पिण्याच्या पाण्यासाठीच वापरतोय, मग शुद्ध केलेलं सांडपाणी साठवायला यापेक्षा चांगली जागा शोधायची तरी कुठे?

आता पालिकेची सात मोठी सांडपाणी केंद्रं होतायत, त्यातली भांडुप आणि घाटकोपरची तर आपल्या शेजारचीच. ते पाणी शुद्ध करून पुन्हा खाडीत सोडायचं असेल तर काय फायदा? नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतातच की. इथे बागा, बांधकामं, रस्ते धुणं, गाड्या धुणं, सगळीकडे भातसा-तानसाचं शंभर किलोमीटरवरून आणलेलं पाणी जातं, नाहीतर टँकर. एवढ्या तलावाने मुंबईची तहान भागणार नाही हे मान्य, अख्ख्या शहराला ते दोन दिवसही पुरणार नाही, पण या कामांना तर पुरेल ना.

मात्र घाई नको. आज तलावात आजूबाजूचं सांडपाणी येतंच, म्हणून तर जलपर्णी काढली की काही महिन्यांत परत हजर. त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचं खत, त्यामुळे अर्धवट शुद्ध केलेलं पाणी सोडलं तर हिरवा गालिचा अजून जाड होणार, फक्त वास थोडा कमी. बंगळुरूचं शुद्ध केलेलं सांडपाणी २०१८ मध्ये शेजारच्या कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडायला लागले आणि थोड्याच दिवसांत लक्ष्मीसागर तलावावर फेस आला, प्रकरण कोर्टात गेलं. ते इथे नको. आधी नाल्यांची तोंडं वळवा, गाळ काढा (मगरींची घरटी आणि पक्ष्यांचे दिवस सांभाळून, ही विनंती हात जोडून), आणि तिसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसही काढून, शुद्ध झालेलंच पाणी आत घ्या.

अजून एक, पावसाळ्यात तलाव आपोआप भरतो आणि जादा पाणी मिठी नदीत जातं, तेव्हा वरून आणखी पाणी सोडणं म्हणजे खालच्या वस्त्यांना धोका, म्हणून हे पाणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर ते मे एवढंच सोडायचं आणि पाऊस यायच्या आत पातळी खाली आणायची. पाण्याची तपासणी दर आठवड्याला होऊन त्याचे आकडे गणेश घाटावर बोर्डावर लागले पाहिजेत, म्हणजे फिरायला येणाऱ्या आम्हालाही वाचता येतील.

– एक पवईकर