मर्यादेची ती ओळ बदलू न दिल्याबद्दल

भाऊ, सप्रेम नमस्कार.

त्या रात्री तुमचं ऐकलं, पण आभार मानले नाहीत. आज सगळ्यांसमोर मानतो.

ओपनपायलट, म्हणजे गाडी चालवायला मदत करणारं सॉफ्टवेअर, २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं म्हणूनच आर्वीजवळच्या आमच्या गावात बसून मला त्याचा कोड वाचता आला. पण काकांची गाडी त्याच्या ओळखीची नव्हती आणि कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या तारांवरून, सेकंदाला हजारो संदेश वाहत होते. त्यांतलं मला काहीच उमगेना. तुम्ही आठवडाभर, जेवणं आटोपली की फोनवर यायचे. "स्टिअरिंग डावीकडे फिरवा. आता सोडा. संदेशातले कोणते बाइट हलले?" गाडी जिनिंगच्या रिकाम्या पटांगणात, काका स्टिअरिंगवर, मी लॅपटॉप घेऊन शेजारी. तिसऱ्या रात्री स्टिअरिंगचा कोन सापडला. तो आनंद मला अजून पुरतो आहे.

पुढे मी पाठवलेला एकही संदेश गाडी मानेना. या गाडीत स्टिअरिंगच्या प्रत्येक संदेशात ० ते १५ मोजणारा काउंटर असतो, शेवटी चेकसम, म्हणजे संदेश पडताळणारी बेरीज, असते, आणि दोन्ही जुळल्याशिवाय स्टिअरिंगचा कंट्रोलर ऐकत नाही, हे तुम्ही कागदावर बेरीज मांडून समजावलंत.

मग मी तो हट्ट धरला. पटांगणात सावकाश फिरताना वळणावर स्टिअरिंग कमी वळायचं, म्हणून पांडाच्या, म्हणजे ओपनपायलट गाडीला जोडणाऱ्या उपकरणाच्या, सेफ्टी कोडमधली टॉर्कची (स्टिअरिंग फिरवणाऱ्या जोराची) मर्यादा वाढवायला निघालो. तुम्ही म्हणालात, "ती मर्यादा काकांच्या हातांसाठी आहे. त्यांना स्टिअरिंग कधीही सहज ओढून घेता आलं पाहिजे. ब्रेकला पाय लागला की ताबा त्यांचा." मला राग आला होता, भाऊ.

पुढच्याच आठवड्यात काका स्वतः गाडी चालवत होते, यंत्रणा नुसती नोंद घेत होती. कापूस वेचणीचे दिवस. दिवेलागणीला वावरातून कापसाने भरलेली बंडी सरळ रस्त्यावर आली, मागे लाल दिवा नाही, कडेचा पांढरा पट्टा फुफाट्यात गाडलेला. काकांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. घरी ती नोंद मी चारदा पाहिली. त्या क्षणी स्टिअरिंग माझ्या वाढवलेल्या टॉर्कने धरलं असतं तर? मर्यादेची ओळ होती तशीच ठेवली आहे.

ब्रेकचा बिट, म्हणजे ब्रेक दाबल्याची संदेशातली खूण, मात्र अजून पक्का नाही. हलक्या दाबाला तो उशिरा बदलतो. त्याचा लॉग उद्या पाठवतो. तुम्ही पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही.

तुमचा,
आर्वीकडचा पोरगा