पणजीच्या जुन्या बराकीची गोष्ट सांगणाऱ्या काकांना

काका, नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं काका. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आझाद मैदानाला लागून ती लांबलचक इमारत आहे ना, ती आमच्या शाळेच्या पोरांना दाखवून तिथे आधी काय होतं ते सांगायचं होतं, एवढंच. पण ज्याला विचारावं तो म्हणे "पोलीस हेडक्वार्टर ते, त्याचा कसला इतिहास?" एका हापिसात "अर्ज द्या, बघू", आणि वारसा वारसा म्हणून स्टेजवर गळा काढणाऱ्या एका अभ्यासकांनी मेसेज वाचला आणि गप्प. असो.

तुम्ही मात्र ओळख ना पाळख, चहा मागवलात आणि सांगायलाच बसलात. दों मानुएल नावाच्या व्हाइसरॉयने दलदल बुजवून पणजी वसवायला घेतली तेव्हाची ही पोर्तुगीजांच्या कवायती फौजेची बराक, १८३२ साली लष्करी अकादमीला जोडून लायब्ररी निघाली, पुढे मठ बंद केले तेव्हा तिथली पुस्तकंही तिच्यात आली, म्हणजे आज पणजीतल्याच पाट्टोला एसीत बसून आपण पेपर चाळतो ती सेंट्रल लायब्ररी मूळची फौजेच्या शाळेची! आणि मैदानातल्या मंडपाचे खांब ओल्ड गोव्याच्या एका जुन्या चर्चमधून इकडे आले आणि मंडपातला, गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा पुतळा उठून ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये गेला, ही अदलाबदल तुम्ही इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलीत की मला हसू आवरेना.

पण खरं सांगू, मनात राहिला तो त्या रात्रीचा फोन. मी भांडी आवरत होते आणि तुम्ही म्हणालात, "बाय, दुपारी मी चुकीचं सांगितलं." लष्करी शाळा पोरं मिळेनात म्हणून बंद पडली असं तुम्ही म्हणाला होतात. ते तसं नाही, १८७१ मध्ये फौजेतल्या बंडानंतर पोर्तुगालने गोव्याची फौजच मोडीत काढली आणि शाळाही त्याच वर्षी गेली. "वही काढ, आत्ताच खोड, पोरांना उलटं सांगू नकोस." त्याच साली जी संस्था निघाली ती आजची मेनेझिस ब्रागांझा, तीही याच इमारतीत, हेही तेव्हाच सांगून टाकलंत.

कोण करतं हो असं? मी काही ते तपासायला जाणार नव्हते. चूक कळली तरी लोक दडपून बोलत राहतात, आणि तुम्हाला एका अनोळखी मास्तरणीच्या वहीतली एक ओळ झोपू देईना. असली माणसं अजून आहेत म्हणून बरं चाललंय सगळं.

रविवारी सकाळी पोरांना घेऊन येतेय. गुडघे दुखतात म्हणालात, तर चालू नका, मेनेझिस ब्रागांझाच्या दारातल्या त्या निळ्या टाइल्सपाशीच थांबा, खुर्ची मी मागून ठेवते. टाइल्सचं तुम्हीच सांगायचं, त्या १९३५ च्या, यापुढे मी काही पाठ केलेलं नाही.