जाताना परात न्यायची आहे

शहापूर, बेळगाव

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, जांबोटीकडं शेतावर चार दिवस काय केलंत? तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या निवृत्तीसाठी तुम्ही दोघं गोव्यातलं हॉटेल बघताय हे मला जावईबापूंकडून कळलंय. ते करू नका, त्यापेक्षा सगळे या शेतावरच या. पैसे वाचतात हे खरं, पण मी सांगतेय ते त्यासाठी नाही.

आधी जागा सांगते. चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटीच्या अलीकडं उतरायचं, मग पाच-दहा मिनिटं कच्च्या वाटेनं चालायचं. सगळीकडं भात. बांधाला लागून दोन खोल्यांचं घर, पूर्वी गड्यांसाठी बांधलेलं. मालकांनी डागडुजी केली आणि आता भाड्यानं देतात. वर खानापूरची लाल कौलं, मागं न्हाणी आणि पाणी तापवायला बंब. आत गॅसची शेगडी, कुकर, तवा, मोजकी भांडी. परात मात्र नाही. मी चार दिवस ताटात पीठ मळून भाकऱ्या थापल्या. रांधायचं आपलं आपण. मालकांनी सुरुवातीलाच सांगितलं, सुगीत आमच्याच घरी दुपारचं जेवण तीनला होतं, तुम्हाला वेळेवर कसं देणार? दिवसाला हजार रुपये, दूध-अंडी-भाजी घेतली तर त्याचे वेगळे. हा चोख व्यवहार मला फार आवडला.

पहिल्याच रात्री माझा भात बिघडला. मालकीणबाईंनी गिरणीतून नुकतेच आणलेले नव्या भाताचे तांदूळ दिले होते. मी रोजच्या सवयीनं पाणी घातलं आणि कुकर उघडला तर गिच्च गोळा. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे माझ्या आईनं शिकवलेलं, पण इतकी वर्षं दुकानातला जुना तांदूळ शिजवून हात विसरला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः येऊन बसल्या. उघड्या पातेल्यात भरपूर पाणी, शीत बोटांत चेपून बघायचं, मध्ये बारीक कणी लागली की लगेच वेळायचं, म्हणजे वरचं पाणी गाळून काढायचं, आणि झाकण घालून निखाऱ्यावर मुरू द्यायचं. ती पेज बाबांनी मीठ टाकून, लोणच्याच्या खाराबरोबर दोन वाट्या प्यायली. ताई, डॉक्टरांनी भूक लागायचं औषध दिलेला माणूस हा.

आता खरं सांगायचं ते. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमाराला वारा सुटला आणि ढग गडगडायला लागले. बाहेर आरडाओरडा. कापलेलं भात दोन दिवस वाळायला रानात पसरलेलं असतं, मग पेंढ्या बांधून गंजी रचतात. त्यांची निम्मी गंजी रचून झाली होती, बाकीचं तसंच उघड्यावर. भिजलं तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात आणि गवत कुजलं तर जनावरांना वर्षभर काय घालणार? आम्हाला कुणी हाक मारली नाही. बाबाच उठले, विजेरी घेतली आणि गेले. मी दारातनं बघत होते. ताडपत्रीचं एक टोक मालकांच्या मुलाच्या हातात, दुसरं बाबांच्या, वाऱ्यानं ती शिडासारखी फुगायची आणि बाबा तिच्यावर अंग टाकून धरून ठेवायचे. मग टोकाला दगड ठेवले, दोर आवळला. पाऊस आला तो दहा मिनिटांचाच, पण थेंब टपोरे. गंजी वाचली. रानातलं थोडं भिजलं, ते सकाळी सगळ्यांनी उलटून घातलं. मीही गेले.

त्या रात्री बाबा झोपले नाहीत. ओल्या कपड्यांनी सोप्यात बसून बोलत राहिले. येळ्ळूरच्या शिवारातलं बासमती कापलं की त्याच ओलीवर मसूर कशी पेरायचे, फुलात आली की तुझे आजोबा रोज बांधावर का जायचे, बळ्ळारी नाल्याचं पाणी शिरलं त्या वर्षी घरात काय झालं. वाटणीनंतर ती जमीन विकली गेली, हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी खरेदीखतावर सही करून ते कुठं गेले होते, हे लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. ते मी इथं लिहीत नाही. त्यांनीच तुला सांगावं, छोट्याच्या समोर आणि त्याच सोप्यात बसून. हॉटेलात ते बोलणार नाहीत गं. तिथं ते फक्त बिल बघतील.

छोट्याला तीन गोष्टी आधी बजाव. गोठ्याचं फाटक उघडलं तर स्वतः लावायचं. मळणीचं मशीन चालू असताना जवळ जायचं नाही. आणि अंधार पडल्यावर एकट्यानं अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण भीमगडचं जंगल फार लांब नाही आणि गवे भातात उतरतात. म्हणून तर माणसं रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला बसतात. त्याला मलप्रभा दाखवू. कणकुंबीला उगम पावते ती हीच. हब्बनहट्टीचा मारुती पावसाळ्यात नदीच्या पाण्याखाली जातो, आता मोकळा झाला असेल. बसवरची पाटी कन्नडमध्ये असते, ती त्याला आजोबा वाचून दाखवतील. कंडक्टर मराठीत बोलतो, काळजी नको.

मालक म्हणाले, मळणी अजून दोन-तीन आठवडे चालेल. त्याच्या आत या. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालात तर शनिवारी सकाळचं दूध तिथंच मिळेल. पहाटे थंडी पडते, छोट्याला स्वेटर आणि कानटोपी घे. जोंधळ्याचं पीठ मी दळून ठेवते, परातही मीच घेते. तू फक्त बुधवारपर्यंत तारीख कळव, म्हणजे मालकांना सांगता येईल.

बाबांना या पत्राचं सांगू नकोस.

तुझी आई