पांडव, पिकनिक आणि कान्हेरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांवरचा लेख वाचला. फोटो झकास, विशेषतः पाण्यात डुंबणाऱ्यांचे. भजी दोनदा आली, भिक्खूंच्या निवासाचा विहार एकदाही नाही. वर ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलेली’ म्हणून लेखकमहाशय मोकळे! साष्टी बेटावरच्या त्या डोंगरात १०० हून जास्त लेणी आहेत. एका रात्रीत एवढं उरकणारे कंत्राटदार कुठे भेटले तर आमच्या गल्लीतल्या गटाराचंही त्यांना सांगा.

लेणी सातवाहनांनंतर ओस पडली, हेही लिहून टाकलंय. मग नवव्या शतकात, शिलाहार राजा दुसऱ्या कपर्दीच्या काळात, गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने १०० द्रम्म (तेव्हाची नाणी) दिले ते कोणाला? वटवाघळांना? भिक्खूंसाठीच दिले, आणि तसा शिलालेख तिथेच आहे. त्याच काळातल्या दुसऱ्या दानलेखात विहाराची डागडुजी, चीवरं (भिक्खूंची वस्त्रं) आणि चक्क ग्रंथखरेदी यांसाठी पैसे लावून दिलेत. १००९ साली पारशी मंडळी येऊन ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी लिपीत, नावं कोरून गेली. यातलं एक अक्षर लेखात नाही.

एवढं चिडायचं कारण सांगतो. मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या आत्याला तिथे नेलं होतं. गुडघे धरत पायऱ्या चढली आणि तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहातल्या (प्रार्थनेच्या दालनातल्या) स्तूपासमोर बसून त्रिशरण ही बौद्ध वंदना म्हणू लागली. तेवढ्यात ओल्या कपड्यांतलं एक टोळकं आत शिरलं. आवाज घुमतो का बघायला शिट्ट्या सुरू. त्यातला एक म्हणतो, “आजी, जरा सरका ना, फोटोत येताय.” आत्या बिचारी उठली. मी हटकलं तर मलाच ऐकवलं, “काका, पिकनिक स्पॉट आहे हा. देऊळ आहे का?” ती पोरं काही तुमची पुरवणी वाचून आली नव्हती. पुढच्या रविवारी येतील ती मात्र वाचूनच येतील.

आणि ‘आठवड्यात कधीही जा’ हा सल्ला कोणाच्या भरवशावर? राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं. लेण्यांचं तिकीट गेटच्या तिकिटाहून वेगळं, हेही सांगितलं असतं तर लोकांची वरची हुज्जत वाचली असती.

कळावे,
एक जुना वाचक, मुलुंड

ता. क. : मागच्या शब्दकोड्याची उत्तरं अजून छापलेली नाहीत. तेवढी जागा भज्यांच्या फोटोतून काढता आली असती.